रेक्टिफाइड टाइल्स: पेपर जॉइंट की २ मिमीची फट?

अवनी_प
पुण्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटची फरशी बदलायची आहे. क्षेत्र ६५० चौ. फूट, सध्या जुनी मोझॅक आहे. टाइल ठरली आहे: ६०० × १२०० मिमी, ९ मिमी जाड, मॅट जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल), रेक्टिफाइड. दुकानदार म्हणतो, "रेक्टिफाइड आहे, पेपर जॉइंटनेच, म्हणजे टाइलला टाइल टेकवून बसवा, फट दिसतच नाही." मिस्त्रीला माल (सिमेंट-वाळूचा मसाला) टाकून वरून सिमेंटची पातळ स्लरी ओतून बसवायची आहे. इंटिरियरवाल्या ताई म्हणतात अॅडेसिव्ह आणि २ मिमीचे स्पेसर हवेतच. तिघांची तीन मतं. फट किती ठेवायची, कशावर बसवायची आणि टाइल्स-अॅडेसिव्ह किती मागवायचं, एवढं जाणकारांनी सांगावं.

दोन_सूत
आधी रेक्टिफाइड म्हणजे काय ते पाहू. टाइल भट्टीत भाजली की आक्रसते, आणि प्रत्येक टाइल सारखीच आक्रसत नाही. म्हणून साध्या टाइलचं माप थोडं पुढेमागे असतं. रेक्टिफाइड टाइल भाजून झाल्यावर चारही बाजूंनी डायमंडच्या चाकांवर घासून मापात आणतात. आयएसओ १३००६ मध्ये साध्या टाइलला लांबीरुंदीत ±०.६ टक्के (कमाल २ मिमी) सूट आहे, रेक्टिफाइडला ±०.३ टक्के (कमाल १ मिमी). चांगला कारखाना याच्याही बराच आत राहतो, तरी फरक शून्य होत नाही.

फट ठेवायचा जुना नियम असा: टाइलच्या मापात जेवढा फरक असेल त्याच्या निदान तिप्पट फट. अर्धा मिमी फरक असेल तर दीड मिमी. त्यात टाइलचा बाक मिळवा. १२०० मिमी लांबीच्या टाइलला मध्यभागी अर्धा ते एक मिमी बाक असणं अगदी सामान्य आहे, आणि कडा घासल्याने बाक जात नाही. म्हणजे २ मिमी ही तळाची मर्यादा झाली, ३ मिमी निर्धास्त. रेक्टिफाइडमुळे फट बारीक ठेवता येते, गाळता येत नाही.

तिसरा_मजला
असहमत. पेपर जॉइंटमध्ये बसवलेले हॉल शहरभर आहेत आणि दिसायला तेच सुंदर. फटीत कचरा बसतो, ती काळी पडते. रेक्टिफाइडचे जादा पैसे मोजून पुन्हा रेघा का मारून घ्यायच्या?

ओळंबा
@तिसरा_मजला, दिसण्याबद्दल वाद नाही. प्रश्न जमीन हलते त्याचा आहे.

६ मीटरचा हॉल धरा. नवा सिमेंटचा कोबा सुकताना मीटरमागे साधारण अर्धा मिमी आक्रसतो, म्हणजे पूर्ण लांबीत ३ मिमी. टाइल मात्र आक्रसत नाही. उलट उन्हाळ्यात २० अंशांनी तापली तर ६ मीटरमध्ये पाऊण ते एक मिमी वाढते. खालचं आखडतंय, वरचं पसरतंय आणि टाइल टाइलला टेकलेली. हा दाब कुठे जाणार? जिथे चिकटण कच्ची तिथे दोन टाइल्स एकमेकींवर रेलून तंबूसारख्या उभ्या राहतात. कधी रात्री मोठा आवाज होऊन एक अख्खी ओळ उठते. मिस्त्री म्हणतो "हवा भरली". हवा वगैरे काही नसते, दाबाला जागा ठेवलेली नसते.

दुसरं, रेक्टिफाइडची कड काटकोनात आणि धारदार असते. कड कडेला चिकटलेली असेल आणि एक टाइल केसभर जरी वर असेल तरी चालताना, फर्निचर सरकवताना तिचे टवके उडतात. काही टाइल्सना कडेला अगदी बारीक पडती धार देतात, त्या जरा बऱ्या टिकतात.

गवंडीकाका
पेपर जॉइंट नको, याला अनुमोदन. पण माल टाकून बसवणं म्हणजे गुन्हा, असा सूर इथे लागतो तो बरोबर नाही. मोझॅक काढली की तिच्याखालचा मसालाही निघतो, ५० ते ६० मिमीचा खड्डा होतो. तो भरायलाच हवा. १:५ किंवा १:६ चा (सिमेंट:वाळू) जेमतेम ओला माल, ठिय्ये (पातळीच्या खुणा) मारून पट्टीने ओढलेला, त्यावर टाइल कोरडी ठेवून, ठोकून, उचलून तळ बघायचा आणि मग चिकटवायची. हाताला सवय असलेला कारागीर यात लेव्हल उत्तम देतो.

चूक एकाच ठिकाणी होते: नुसती सिमेंटची स्लरी. जुन्या सिरॅमिक किंवा सिमेंटच्या टाइलला ती चालायची, कारण टाइल पाणी प्यायची. व्हिट्रिफाइडचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, तिच्या पाठीत स्लरी शिरतच नाही. वर्षभराने टाइल उचलली तर पाठ कोरी करकरीत निघते. तिथे पॉलिमरचं अॅडेसिव्ह कालवून टाइलच्या पाठीला पूर्ण फासावं. पद्धत जुनी, चिकटवण नवी.

दोन_सूत
@गवंडीकाका, १२ फुटी खोलीत आणि ६०० × ६०० ला हे चालतं, मान्य. पण ताज्या मालावर टाइल बसवली की त्या मालाचं सगळं आक्रसणं टाइलखालीच होतं. ६०० × १२०० च्या टाइलचं वजन १५ किलोच्या आसपास, तिला ठोकून ओल्या मालात चारही कोपरे एका पातळीत राखणं कठीण. दुसऱ्या दिवशी कोपरा बसलेला सापडतो. वेळ असेल तर कोबा आधी करा, ३ ते ४ आठवडे द्या, निम्मंअर्धं आक्रसणं तिथेच होऊन जातं. मग पातळ थरात अॅडेसिव्ह.

गवंडीकाका
वेळ असेल तर तुमचाच मार्ग बरा. लोक गृहप्रवेशाची तारीख आधी काढतात, तिथे सगळं अडतं.

सह्यकडा
फटीचा वाद रंगू द्या, पण टाइल घरी उतरली की आधी हे करा. प्रत्येक खोक्यावर बॅच, शेड आणि कॅलिबर (टाइलच्या खऱ्या मापाचा गट) छापलेला असतो. तिन्ही सगळ्या खोक्यांवर एकच हवेत. वेगळा कॅलिबर असलेली दोन खोकी आली तरी ओळ पुढे जाऊन सरकते आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

मग वेगवेगळ्या तीन-चार खोक्यांतली एकेक टाइल काढा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये किंवा कडेला दिसणारी फट म्हणजे बाकाची दुप्पट. स्टीलच्या टेपने दोन्ही कर्ण मोजा: ६०० × १२०० चा कर्ण १३४१.६ मिमी येतो. आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. १ मिमीहून जास्त फरक दिसला तर आणखी खोकी उघडा आणि तोच प्रकार असेल तर माल परत करा. एकदा टाइल कापली किंवा बसवली की कुणी परत घेत नाही.

पाठीवर पांढरी भुकटी असते, भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून लावलेली. ती ओल्या स्पंजने पुसायलाच हवी, नाहीतर अॅडेसिव्ह टाइलला न धरता भुकटीला धरतं. पाठीवरचे बाण एका दिशेला ठेवा. आणि चार-पाच खोकी एकत्र उघडून मिसळून लावा, म्हणजे एकच नक्षी शेजारी शेजारी येत नाही.

वैदर्भी
अॅडेसिव्हबद्दल. पोतं घेताना आयएस १५४७७ (अॅडेसिव्हचं भारतीय मानक) चा प्रकार वाचा. या आकाराला टाइप ३ घ्या, किंवा युरोपीय खूण असेल तर सी२टीई. सी२ म्हणजे चौरस मिमीला किमान १ न्यूटन पकड, टी म्हणजे घसरण कमी, ई म्हणजे लावल्यावर जास्त वेळ उघडं राहू शकतं.

हा "उघडा वेळ" आमच्याकडे उन्हाळ्यात फार छळतो. पोत्यावर ३० मिनिटं लिहिलेली असतात, ती प्रयोगशाळेतली. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पंखा सुरू आणि खिडकी उघडी असेल तर दहा मिनिटांत वर साय धरते. बोट लावून बघा. बोटाला लागत नसेल तर खरवडून टाका, वरून पाणी शिंपडू नका. कोबा आधी ओलसर करून घ्या, पण पाणी साचलेलं नको. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून, डाव अंदाजाने नाही. कालवल्यावर ५ ते १० मिनिटं मुरू द्या, पुन्हा एकदा ढवळा. घट्ट झालं म्हणून परत पाणी घातलं की पकड गेली.

अवनी_प
खूपच उपयोगी. एक उपप्रश्न: मोझॅक न काढता वरूनच बसवली तर कोब्याचे चार आठवडे वाचतील ना?

ओळंबा
वाचतील, आणि मोझॅक नीट चिकटलेली असेल तर हा चांगला मार्ग आहे. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने सगळीकडे वाजवून बघा. पोकळ वाजेल तिथली उचलून भरून घ्या. दर दहात दोन-तीन पोकळ असतील तर नाद सोडा, सगळी काढा.

ठीक असेल तर पॉलिश आणि मेण उतरवण्यासाठी ग्राइंडरने पृष्ठभाग खरखरीत करा, धूळ व्हॅक्यूमने ओढा. मग २ मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी प्रत्येक दिशेने ठेवून बघा. पट्टीखाली ३ मिमीहून जास्त फट नको. उंचवटे घासायचे, खड्डे प्रायमर मारून सेल्फ लेव्हलिंगने (आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणाने) भरायचे. मोठी टाइल खड्डा झाकत नाही, उघडा पाडते.

उंची: ९ मिमी टाइल आणि ५-६ मिमी अॅडेसिव्ह, एकूण १५ मिमी. सगळे दरवाजे खालून कापावे लागतील. मुख्य दरवाजा, बाल्कनीच्या सरकत्या खिडकीची चौकट आणि बाथरूमचा उंबरा आधी मोजा. वजनाचंही बघा. टाइल चौ. मीटरला २१ किलो आणि अॅडेसिव्ह ५-६. मोझॅक काढून ४० मिमीचा माल टाकला तर नुसत्या मालाचेच ८० किलोच्या पुढे जातात. त्यामुळे वरून बसवण्यात सहसा वजनाची अडचण येत नाही, तरी इमारत जुनी असेल तर इंजिनियरला एकदा दाखवा.

कोकणी_माणूस
बाथरूम आणि बाल्कनीत हीच टाइल नेणार असाल तर थांबा. बाथरूमला मीटरमागे १० ते १२ मिमी उतार लागतो. १२०० ची टाइल चारही बाजूंनी जाळीकडे उतरू शकत नाही, तिरक्या कापांनी तुकडे करावे लागतात. एकतर ३०० × ३०० घ्या, किंवा भिंतीलगत लांब जाळी टाकून एकाच दिशेला उतार द्या. पाय घसरू नये म्हणून खोक्यावर आर१० किंवा आर११ ही घसरणरोधक श्रेणी बघा. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने पडवी ओलीच, तिथे मशीनकट कोटा किंवा तांदूर दगडच बरा.

गवंडीकाका
कोटा-तांदूर मशीनकट असला तरी कापाची धार फक्त कडांना असते, जाडी सारखी नसते. एकाच लॉटमध्ये २० आणि २५ मिमी दोन्ही निघतात. म्हणून तो मालावरच भरायचा, पातळ अॅडेसिव्हवर नाही. आणि फरशी घट्ट सांध्यात बसवून वर पॉलिशला घासून पातळी आणता येते. टाइलला ती सोय नाही, वर घासली की नक्षीच जाते. बसवतानाच जमलं पाहिजे.

परदेशी_पाखरू
अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरात बसवणाऱ्यांसाठी: जमिनीची लवचिकता गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) १/३६० च्या आत आहे का ते आधी पाहा. प्लायवूडवर थेट चिकटवू नका, सिमेंट बोर्ड किंवा अनकपलिंग मेंब्रेन (खालची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा थर) हवं. इथल्या मानकात सांधे सरकवून लावलेल्या, १५ इंचांपेक्षा मोठ्या बाजूच्या रेक्टिफाइड टाइलला १/८ इंच फट आणि वर बाकाचं माप धरतात. म्हणजे एक सूत, तुमचे ३ मिमी.

सह्यकडा
आता हिशेब. एका खोक्यात २ टाइल्स, १.४४ चौ. मीटर, म्हणजे १५.५ चौ. फूट. ६५० मध्ये १० टक्के नुकसान धरून ७१५, म्हणजे ४७ खोकी. तिरकी बसवायची असेल तर १५ टक्के धरा. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) १०० मिमीचं: एका टाइलमधून १२०० लांबीच्या ५ पट्ट्या निघतात (सहावी ब्लेडच्या जाडीत जाते), म्हणजे जवळपास २० फूट. भिंती १८० फूट असतील तर १० टाइल्स, ५ खोकी. दोन खोकी कायमची माळ्यावर ठेवा. तीच बॅच पुढे मिळत नाही. एकूण ५४.

अॅडेसिव्ह: १० मिमी दात्यांची थापी आणि टाइलच्या पाठीला पातळ हात, असं धरलं तर २० किलोचं पोतं ३५ ते ४० चौ. फूट जातं. ६५० ला १७ ते १९ पोती.

खिडकीपाशी
मांडणीबद्दल कुणी बोललं नाही. विटांसारखी अर्ध्यावर सांधा येईल अशी लावू नका. टाइलचा बाक मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकाला सर्वांत कमी. अर्ध्यावर लावली की शेजारणीचं टोक बरोबर फुगवट्याला येतं आणि पायाला पायरी लागते. एक तृतीयांशाने सरकवा, नाहीतर सरळ चौकटीत.

सुरुवात भिंतीपासून नको. जुन्या इमारतीत दहा बाय दहाची खोली गुण्यात (काटकोनात) निघाली तर पेढे वाटावेत! मुख्य दरवाजातून दिसणारी लांब रेषा धरून दोरी मारा, ६-८-१० फुटांचा त्रिकोण करून काटकोन काढा. मग सगळ्या ओळी कोरड्या मांडून बघा. शेवटचा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा लहान येत असेल तर रेषा सरकवा. कारखान्याच्या कडा खोलीच्या आत आणि कापलेल्या भिंतीकडे, स्कर्टिंगखाली.

लेव्हलिंगच्या क्लिपा (पाचरीने ओढून शेजारच्या टाइल्स एका पातळीत धरणाऱ्या): लांब बाजूला ३, आखूड बाजूला २, कोपऱ्यापासून ५ सेंमी सोडून. टाइलमागे ५ धरा, म्हणजे ८४ टाइल्सना ४२०, फुटतुटीला धरून ५०० आणा. पाचरी पुन्हा वापरता येतात, १५० पुरे. पाचर जीव काढून ओढू नका. खाली अॅडेसिव्ह कमी असेल तर टाइल वर उचलली जाते आणि तळ पोकळ राहतो. क्लिप शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरते, खालची जमीन सरळ करत नाही.

दोन_सूत
@खिडकीपाशी +१. अॅडेसिव्ह ओढायची दिशाही धरा: दात्यांच्या रेषा टाइलच्या आखूड बाजूला समांतर, सगळ्या एकाच दिशेत, म्हणजे दाबल्यावर हवा जवळच्या वाटेने बाहेर जाते. गोल गोल फिरवलेल्या थापीत हवा अडकते. पाच गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत तर मुळीच नको. गोळ्यांमधल्या पोकळीवर कुकरचं झाकण पडलं की टाइल तडकते. पहिल्या दोन-तीन टाइल्स बसवून लगेच उचलून बघा. खोलीत निदान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूम-बाल्कनीत ९५. मिस्त्रीला वाईट वाटेल, तरी बघा.

आणि खांबाला किंवा चौकटीला एल आकारात कापायचं असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी ६ ते ८ मिमीचं भोक पाडा, मग दोन्ही काप त्याला आणून मिळवा. टोकदार आतला कोपरा ठेवला की तिथूनच चीर जाते.

तिसरा_मजला
क्लिपांचं आणि बाकाचं पटलं. क्लिपचं पातंच एक-दीड मिमीचं असतं, तेव्हा पेपर जॉइंटमध्ये ती लागणारच नाही. पण २ मिमीत काळेपणा येतो हा मुद्दा राहतोच. फट भरायला एपॉक्सी ग्राउट घ्यावं का?

दोन_सूत
हो, या घराला एपॉक्सीच घ्या. सिमेंटचं ग्राउट पाणी आणि तेल पितं, म्हणून काळं पडतं. एपॉक्सी पीत नाही. रंग टाइलपेक्षा किंचित गडद निवडा, २ मिमीची रेष दोन पावलांवरून हरवते.

किती लागेल: लांबी आणि रुंदीची बेरीज भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले जाडी, गुणिले फट, गुणिले १.६. आपल्या टाइलला २ मिमीत चौ. मीटरला ०.०७ किलो येतं. ६० चौ. मीटरला साडेचार किलोच्या आत, वाया धरून ५ किलो. ३ मिमी ठेवलं तर साडेसहा, वाया धरून ७.

दोन गोष्टी. फट पूर्ण खोलीपर्यंत मोकळी हवी. वर आलेलं अॅडेसिव्ह ओलं असतानाच खरवडून काढा, अर्धवट भरलेल्या फटीत एपॉक्सीचा नुसता पापुद्रा बसतो आणि निघून येतो. आणि एका वेळी थोडंच कालवा, लगेच पांढऱ्या पॅडने कोमट पाण्यात पुसा. मॅट टाइलवर रात्रभर राहिलेला एपॉक्सीचा थर काढताना नाकी नऊ येतात. सफाईला अॅसिड नको, विशेषतः हायड्रोफ्लोरिक असलेलं. ते टाइलचा वरचा थरच खातं.

अवनी_प
सगळ्यांचे आभार. मोझॅक वाजवून पाहिली, स्वयंपाकघराचा कोपरा सोडला तर घट्ट आहे. म्हणून वरूनच, टाइप ३ अॅडेसिव्ह, २ मिमीचे स्पेसर आणि क्लिपा, एपॉक्सी. पेपर जॉइंट बाद. एकच राहिलं: ताईंना स्कर्टिंग भिंतीच्या प्लास्टरमध्ये खोचून सपाट हवं आहे. चालेल?

ओळंबा
दिसायला छान, पण त्यात एक अडचण आहे. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये चहूबाजूंनी ६ ते ८ मिमी मोकळी जागा सोडायची असते, त्यात माल किंवा ग्राउट जाता कामा नये. खोलीचा खरा विस्तार तिथेच सामावतो. बाहेर आलेलं स्कर्टिंग ९ मिमी टाइल आणि ३ मिमी अॅडेसिव्ह असं १२ मिमीचं होतं, ते ही फट झाकतं. सपाट स्कर्टिंगखाली फट उघडी राहते आणि मिस्त्री ती सिमेंटने भरून टाकतो. मग २ मिमीचे सांधे ठेवूनही फरशी चारही बाजूंनी आवळलेलीच.

सपाटच हवं असेल तर त्या फटीत फोमची दोरी बसवून वर टाइलच्या रंगाचं सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. प्रत्येक दरवाजाच्या चौकटीखालीही एक सांधा सीलंटचाच ठेवा. बाल्कनीच्या काचेतून ऊन येतं तिथे ३ मीटरवर असाच एक घ्या, बाकी घरात ६-७ मीटरपर्यंत नाही लागत.

स्कर्टिंगची वरची कड घासून किंचित गोल करून घ्या. जीव्हीटीची नक्षी फक्त वर असते, कापलेल्या कडेला आतला वेगळा रंग दिसतो. म्हणून शक्य तिथे कारखान्याची कड वर ठेवा. एका टाइलमधून फक्त दोन पट्ट्यांना ती मिळते, त्या हॉलमध्ये वापरा.

गवंडीकाका
अवनीताई, स्वयंपाकघरातला पोकळ कोपरा उचलून आधीच भरा आणि त्याला सुकायला वेळ द्या, तोवर बाकीच्या खोल्या चालू ठेवा. पेंटिंगचा शेवटचा हात फरशीनंतर. टाइलवर २४ तास पाय नको, कपाट-पलंग आठवड्याने. क्लिपा २४ तासांनी काढायच्या, रबरी हातोड्याने आणि सांध्याच्या दिशेनेच. आडवा फटका मारला की रेक्टिफाइडची धार जाते. मिस्त्रीला पहिल्या क्लिपेला समोर उभं राहून सांगा.

अवनी_प
उभी राहते. सोमवारी खोकी उतरतायत, कॅलिबर बघूनच वर घेते.